उजवीकडचा माणूस कुठे गेला?

गेल्या पावसाळ्यात मी एक गाढवपणा केला. हॉलच्या भिंतीसाठी ऑनलाइन पॅरिस मागवलं. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कायबोतच्या १८७७ सालच्या चित्राची प्रत, भर पावसात छत्र्या घेऊन चाललेल्या माणसांची. ‘अस्सल तैलरंग, १००% हस्तचित्रित.’ तुपाच्या डब्यावर ‘१००% शुद्ध’ दिसलं की आपण डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचतो. चित्राच्या बाबतीत मात्र पैसे भरून मोकळे होतो. आणि मी तर उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस.

नळकांड्यातून गुंडाळी आली. जवसाच्या तेलाचा वास येत होता, म्हणजे तैलरंग खरा होता. तेवढं कबूल. जमिनीवर उलगडलं, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली आणि उजव्या कडेला नजर गेली. तिथला माणूस गायब.

मूळ चित्र सात फूट उंच आणि नऊ फूट रुंद आहे. सँ-लाझार स्टेशनजवळचा चौक, मधोमध दिव्याचा खांब. खांबाच्या डावीकडे लांबवर पसरलेला ओला रस्ता, उजवीकडे एका छत्रीत थेट आपल्या अंगावर येणारं जोडपं. आणि अगदी कडेला, आपल्याकडे पाठ केलेला एक गृहस्थ, चौकटीने उभा चिरलेला. फुटपाथ एवढासा, छत्र्या दोन, आणि ते जोडपं बघतंय भलतीकडेच. पुढच्या पावलाला छत्र्या अडकणार. कायबोतने पावसाचा एक थेंब काढलेला नाही. पाऊस कळतो तो फरशीच्या ओलीवरून. पण चित्रातला जीव आहे तो त्या अर्ध्या माणसात. तो काढलात की उरते फक्त छत्रीची जाहिरात.

त्याला कुणी उडवलं, याचा हिशोब मी पट्टी घेऊन केला. उंची ३० इंच धरली तर मूळ प्रमाणात रुंदी ३९ यायला हवी. दुकानाच्या यादीत होतं ३० बाय ३६. तीन इंच कमी पडले आणि त्या तीन इंचांत एक माणूस गेला. फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, ही आमची स्टँडर्ड साइज आहे.” डाव्या कोपऱ्यातली कायबोतची सही मात्र शाबूत! माणूस कापला तरी चालेल, सही कापून कसं चालेल?

दुसरी गंमत आकाशाची. माझ्या कॉपीतलं आकाश हळदीचं बोट लागल्यासारखं पिवळट. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने काही वर्षांपूर्वी मूळ चित्र स्वच्छ केलं, तेव्हा जुनाट वार्निश आणि कुणीतरी नंतर चढवलेला रंग निघून खाली निळसर राखाडी, उजळ आकाश सापडलं. माझ्या चित्रकाराच्या समोर अर्थातच जुना फोटो होता. म्हणजे मी पैसे मोजले ते कायबोतच्या आकाशाचे नव्हेत, शिकागोने पुसून टाकलेल्या मळाचे. तोही हाताने रंगवलेला.

आता कुणी म्हणेल, मास्तर, कॉपीला एवढी नाकं मुरडता, मग मुलांना जन्मभर काय शिकवलंत? कॉपीच शिकवली. कॉपी करून हात तयार होतो, यात मला तिळमात्र शंका नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधला शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून तिथली मुलं घेऊन अजिंठ्याला जात होता. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत गेल्या, आणि त्या गेल्या याची हळहळ आजही वाटते. लूव्ह्रमध्ये आजही परवाना घेऊन चित्रं उतरवता येतात. पण प्रत मूळ मापाची चालत नाही, चित्रकाराची सही उतरवायची नाही आणि कॅनव्हासच्या पाठीवर संग्रहालयाचा शिक्का बसतो. शहराची चित्रं विकणं हेही काही पाप नाही. कानालेत्तोने अठराव्या शतकात व्हेनिसचे तेच ते कालवे इंग्रज प्रवाशांना आयुष्यभर विकले. पण घेणाऱ्याला ठाऊक होतं की हे कानालेत्तोचं आहे.

माझा राग ‘हस्तचित्रित’ या शब्दावर आहे. हात कुणाचा? गुंडाळीबरोबर प्रमाणपत्र आलं होतं, सोनेरी कडा, खाली सही. सही कुणाची, तर विक्री व्यवस्थापकाची! चित्रकाराचं नाव विचारणारी मेल मी तीनदा पाठवली. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, ‘आमच्या अनुभवी कलाकारांच्या चमूने’. लग्नातल्या आचाऱ्याचंसुद्धा नाव आपण विचारून घेतो हो.

या धंद्याचं माहेर म्हणजे चीनमधल्या शेन्झेनचं दाफेन. १९८९ मध्ये हुआंग जियांग हा हाँगकाँगचा चित्रकार-व्यापारी तिथे कारागीर घेऊन आला आणि गल्लीबोळांत व्हॅन गॉग वाळू लागले. मोठी ऑर्डर असली की एकाने आकाश करायचं, दुसऱ्याने झाडं. तिथल्या झाओ शियाओयोंग या चित्रकारावर माहितीपट निघाला. वर्षानुवर्षं व्हॅन गॉग रंगवणारा हा माणूस अखेर अॅमस्टरडॅमला गेला. आपली चित्रं तिथल्या गॅलरीत लागत असतील अशी त्याची समजूत होती. ती निघाली स्मरणवस्तूंच्या दुकानात, त्याला मिळायच्या पैशांच्या कितीतरी पट किमतीला, आणि नाव कुठेच नाही. त्या माणसाच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. माझ्या कॉपीतल्या बाईच्या तोंडावरची जाळी कुणीतरी फार मन लावून काढली आहे; भिंगातून पाहिली, बोटं शिवशिवली. एवढा हात असलेल्या माणसाला तीन इंच कापायला सांगणारा कोण?

आपणच. दुकानदाराने ती साइज हवेतून आणलेली नाही. सोफ्याच्या वर किती जागा आहे ते आपण मोजतो, पडद्याला पिवळट बरं दिसेल का ते बघतो आणि मग चित्रकार निवडतो. शेजारच्या विंगमध्ये याच पॅरिसची निळी आवृत्ती आहे. गालिचा निळा आहे ना!

परत पाठवलं नाही. फ्रेमवाला म्हणाला, “सर, डावीकडून अर्धा इंच दुमडून घेऊ का?” त्याला हात जोडले. लावण्याआधी कॅनव्हासच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं: ‘मूळ चित्र गुस्ताव्ह कायबोत, १८७७. प्रत –’. त्या रेघेपुढची जागा कोरी ठेवली आहे. खाली आणखी एक ओळ: ‘उजवीकडचा माणूस या प्रतीत नाही.’