‘अर्नाळा’ आली, पण केव्हा?

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे ‘अर्नाळा’ ही युद्धनौका आपल्या आरमारात रीतसर दाखल झाली. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी घेतलेल्या जलदुर्गाचे नाव तिला लाभले, याचा आनंद महाराष्ट्रास विशेष वाटावा. कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याने लार्सन अँड टुब्रोच्या कट्टुपल्ली गोदीत बांधून घेतलेली ही ७७ मीटर लांबीची नौका किनाऱ्यालगतच्या पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी आहे. उथळ पाण्यात तळावरून उलटणाऱ्या प्रतिध्वनींमुळे पाणबुडी हुडकणे दुष्कर, आणि मोठ्या विनाशिकेस तेथे मोकळेपणी वावरता येत नाही. म्हणून पाण्याच्या झोताने चालणारी ही हलकी नौका. तिच्यातील ८० टक्क्यांहून अधिक सामग्री स्वदेशी आहे, ही गोष्टही लहान नव्हे.

परंतु सोहळ्याच्या चौघड्यात हिशेब बुडून जाऊ नये. अशा १६ नौकांचे करार एप्रिल २०१९ मध्ये झाले. ८ गार्डन रीचशी, ८ कोचीन शिपयार्डशी. पहिली नौका ४२ महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पर्यंत, हाती यावयाची होती. त्या डिसेंबरात ‘अर्नाळा’ नुसती पाण्यात उतरली. आरमाराच्या स्वाधीन झाली ती ८ मे २०२५ ला! मध्यंतरी महामारी आली हे मान्य. पण अडीच वर्षांच्या विलंबाचे सारे खापर तिच्या माथी फोडून मोकळे होता येणार नाही. शत्रूची पाणबुडी आपल्या कारखान्यांच्या सवडीने येत नसते. सोळाही नौकांच्या ठरलेल्या व प्रत्यक्ष तारखा संरक्षण मंत्रालयाने संसदेपुढे ठेवाव्यात, आणि काम कोठे व कशापायी अडले तेही सांगावे.