माती रायगडाची, सहल व्हिएतनामची

शाळेच्या व्हिएतनाम सहलीची यादी लागली की मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन गोष्टी हमखास येतात. पहिली म्हणजे तिथे शाकाहारी जेवण मिळतं का, ही चौकशी. दुसरी म्हणजे तो जुना फॉरवर्ड. अमेरिकेला हरवल्यावर व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हणे कबूल केलं की आम्ही शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून लढलो. त्यांच्या समाधीवर म्हणे ‘महाराजांचा मावळा’ असं कोरलेलं आहे. आणि त्यांच्या परराष्ट्रमंत्री बाई भारतात आल्या तेव्हा रायगडाची माती सोबत घेऊन गेल्या, तीही म्हणेच.

शाकाहाराचं आधी मिटवून टाकू. मिळतं, आणि चांगलं मिळतं. ‘चाय’ लिहिलेली पाटी शोधायची, ती बौद्ध शाकाहारी खाणावळ असते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली पुष्कळ माणसं मांसमच्छी खात नाहीत, तेव्हा तर हाल होण्याचा प्रश्नच नाही. एरवी साध्या ठिकाणी भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो, तेवढं विचारून घ्यायचं. थेपल्यांनी बॅग भरून पाठवू नका.

फॉरवर्डबद्दल मात्र मला सविस्तर भांडायचं आहे. मी इथे मेलबर्नमध्ये शाळेत इतिहास शिकवते आणि दहावीच्या मुलांना घेऊन या सहलीवर जाते. मराठी घरातली मुलं तो फॉरवर्ड डोक्यात घेऊन विमानात बसतात. मग हनोईत त्या राष्ट्राध्यक्षांच्या, म्हणजे हो ची मिन्ह यांच्या समाधिस्थळी, जिथे गुडघे झाकून, खिशातून हात काढून, एक शब्द न बोलता रांगेत चालायचं असतं, तिथून बाहेर पडल्या पडल्या विचारतात, “मिस, ते शिवाजी महाराजांचं कुठे लिहिलंय?”

कुठेच लिहिलेलं नाही. दर्शनी भागावर ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच आहे. ते गेले 2 सप्टेंबर 1969 रोजी आणि युद्ध संपलं 30 एप्रिल 1975 रोजी. जिंकल्यावर त्यांनी ही कबुली द्यायची कशी? समाधीवर काय कोरायचं हे सांगणं तर दूरच, त्यांना मुळात समाधीच नको होती. आपल्या देहाचं दहन करून रक्षा देशाच्या उत्तर, मध्य आणि दक्षिण भागांत ठेवावी असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. त्यांच्या माणसांनी ते ऐकलं नाही. रायगडाच्या मातीचा एखादा कागद, छायाचित्र, वर्तमानपत्राचं कात्रण मी फॉरवर्ड पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे मागते. अजून कुणी दिलेलं नाही.

“असेल खोटं, पण त्यात वाईट काय? मुलांना अभिमान वाटतो ना!” असं एका काकांनी गणेशोत्सवात मला ऐकवलं. वाईट हे आहे की त्या अभिमानापायी मुलं समोरचं बघत नाहीत. हनोईहून हालाँग बेला जाताना बस हायफाँगपुढे एका लांबलचक पुलावरून जाते. खाली बाख दांग नदी. या नदीत 938 साली न्गो क्वेनने आणि पुन्हा 1288 साली त्रान हुंग दाओने एकच डाव टाकला. पात्रात टोकदार लाकडी खुंट ठोकून ठेवले. भरतीला ते पाण्याखाली दिसेनासे झाले. छोट्या होड्यांनी शत्रूच्या आरमाराला चिथावून आत ओढलं आणि ओहोटी लागताच उलटून हल्ला केला. मोठी जहाजं खुंटांवर अडकून फुटली. पहिल्या खेपेला शत्रू दक्षिणी हान होते, दुसऱ्या खेपेला कुब्लाई खानाचे मंगोल. असे खुंट हनोईच्या इतिहास संग्रहालयात ठेवलेले आहेत, काळे पडलेले, माणसाच्या मांडीएवढे जाड. महाराजांच्या जन्माआधी सुमारे साडेतीनशे वर्षं ज्यांनी मंगोलांना बुडवलं, त्यांना गनिमी कावा शिकायला रायगडापर्यंत यायची गरज नव्हती. महाराजांनाही व्हिएतनामच्या प्रशस्तिपत्रकाची गरज नाही. आणि ज्यांना फ्रेंचांना 1954 साली द्येन बियेन फू इथे धूळ चारणारा सेनापती हवा असेल, त्यांच्यासाठी व्हो न्गुएन ज्याप आहेतच. सैन्यात येण्यापूर्वी ते हनोईतल्या एका खासगी शाळेत इतिहास शिकवायचे. (ही माहिती मी स्टाफरूममध्ये वारंवार सांगते.) पण आमची मुलं त्या पुलावरून जाताना कानात इयरफोन घालून झोपलेली असतात. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं.

इथल्या गोऱ्या मुलांचं काही वेगळं नसतं. ऑस्ट्रेलियाचे सुमारे 60,000 लोक त्या युद्धात गेले आणि 500 हून अधिक परतले नाहीत. जन्मतारखांची सोडत काढून विशीतल्या पोरांना सक्तीने भरती केलं होतं. 18 ऑगस्ट 1966 ची लाँग तानची लढाई इथे दरवर्षी स्मरली जाते. त्यामुळे शाळेच्या आखणीत व्हिएतनाम म्हणजे आधी युद्ध, मग उरलेल्या वेळात होई आनचे आकाशकंदील. युद्धकाळातल्या कु चीच्या भुयारांत शिरायचं, ती पर्यटकांसाठी रुंद केलेली असतात, आणि बाहेर आलं की शेजारीच पैसे मोजून एके-47 चालवायची सोय. आम्ही मुलांना त्या बाजूला फिरकू देत नाही, यावरून काही पालकांनी तक्रारही केली होती.

तिसरी मुलं व्हिएतनामी घरांतली. स्प्रिंगव्हेल, फुट्सक्रेमध्ये वाढलेली, ज्यांचे आजी-आजोबा 1975 नंतर होड्यांतून निघाले. हो ची मिन्ह शहरातल्या युद्धसंग्रहालयात ती फार गप्प असतात. तिथे 30 एप्रिल हा मुक्तीचा दिवस, त्यांच्या घरी तो देश गमावल्याचा दिवस. त्यांच्या आजोबांच्या दिवाणखान्यातला तीन लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा त्या देशात फडकवता येत नाही. त्या संग्रहालयाचं 1975 सालचं मूळ नावच अमेरिकनांचे आणि त्यांच्या ‘बाहुल्यां’चे गुन्हे दाखवणारं होतं, ते बदलत बदलत 1995 साली सौम्य झालं. सहलीतलं सगळ्यात मोलाचं बोलणं माझ्या मते त्या संग्रहालयाच्या पायऱ्यांवर होतं, जेव्हा एखादी व्हिएतनामी मुलगी वर्गमित्रांना सांगते की आमच्या घरी हे असं सांगत नाहीत. आमच्या मराठी मुलांनी तेव्हा कान टवकारून ऐकावं असं मला वाटतं. फॉरवर्डमधल्या व्हिएतनाममध्ये हरलेली माणसं नसतातच.

आता ‘मी सन’ या ठिकाणाकडे वळते, कारण इथे मामला नाजूक आहे. दा नांगच्या नैर्ऋत्येला डोंगरांच्या बेचक्यात चंपा या चाम लोकांच्या राज्यातल्या राजांची ही शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने भद्रेश्वराची स्थापना केली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षं बांधकाम चालू राहिलं. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत. 1999 साली हे ठिकाण युनेस्कोच्या यादीत आलं. भारतीय पुरातत्त्व खात्याने अलीकडे तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि 2020 साली त्यांना नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. हे सगळं खरं आहे. यात ‘म्हणे’ नाही.

तरीही तिथे गेल्यावर आपल्या मंडळींचा जो सूर लागतो तो मला खटकतो. “बघा, आपण इथवर आलो होतो.” कोण आपण? ती मंदिरं चाम लोकांनी बांधली, चाम राजांनी, चाम गवंड्यांनी. विटा इतक्या घट्ट बसवल्यात की सांध्यात नख शिरत नाही. चुना दिसत नाही, सिमेंटचा तर प्रश्नच नाही. कसलातरी झाडाचा डिंक वापरला असावा असं म्हणतात, पण पैजेवर सांगू शकणारा कुणी भेटत नाही. जुन्या विटा अजून लाल आहेत. नंतरच्या दुरुस्तीतल्या विटांवर शेवाळ चढलंय, आणि वाटाडे ते बोट लावून दाखवतात. देवळांच्या मध्येच गवताने भरलेले मोठाले खड्डे दिसतात. ते 1969 च्या अमेरिकन बॉम्बवर्षावाचे. सगळ्यात उंच, सगळ्यात देखणा शिखरबुरूज त्यातच गेला.

देवळं पडली, तरी चाम लोक गेलेले नाहीत. ही गोष्ट शाळेच्या सहलीत येत नाही आणि आपल्या अभिमानातही येत नाही. 1471 साली व्हिएतनामी राजा ले थान्ह तोंगने चंपाची राजधानी विजया उद्ध्वस्त केली. दक्षिणेचं उरलेलं छोटं राज्य 1832 साली सम्राट मिन्ह मांगने गिळलं. त्या राज्याचं नाव पांडुरंग. हे कळल्यावर आपल्या मराठी मंडळात टाळ वाजायला लागतील याची मला कल्पना आहे, पण पंढरपूरशी त्याचा संबंध जोडणारं काहीही नाही, तेव्हा कृपया नवा फॉरवर्ड काढू नका.

हा ले थान्ह तोंग मुलांना आधीच भेटलेला असतो, फक्त त्यांना ते कुणी सांगत नाही. हनोईच्या विद्यामंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिळा उभ्या आहेत, राजपरीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेल्या. परीक्षेआधी मुलं त्या कासवांच्या डोक्यावरून हात फिरवत. आता झीज होऊ नये म्हणून कठडा घातलाय. शिळा उभारायची ही प्रथा 1484 साली याच राजाने सुरू केली. विद्वानांची नावं दगडात जपणारा राजा आणि शेजाऱ्याची राजधानी बेचिराख करणारा राजा एकच. मंगोलांना, चिन्यांना, फ्रेंचांना, अमेरिकनांना पुरून उरलेला देश स्वतःही कुणाचातरी मुलूख जिंकत दक्षिणेला सरकला. पंधरा वर्षांच्या मुलांना एवढं झेपतं. मी वर्गात पाहिलंय, चांगलंच झेपतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. परक्या देशात ओळखीची एखादी खूण दिसली तरच मुलं रमतात, ती खूण का पुसायची? माझं म्हणणं, खूण असू द्या. शिवलिंग पाहून मुलाने हात जोडले तर जोडू दे. पण पुढचा प्रश्न ‘हे आपलं आहे ना?’ असा नसावा, ‘हे इथल्यांनी कसं वेगळं केलं?’ असा असावा. आणि त्या प्रश्नाचं उत्तर ‘मी सन’च्या भग्न बुरुजांत मिळत नाही, चाम लोक आजही जिथे राहतात त्या फान रांगला मिळतं.

म्हणून शाळेपुढे मी पर्याय ठेवला आहे: हालाँग बेवरचा बोटीतला मुक्काम काढून टाकावा आणि ते दिवस फान रांगला द्यावेत. दा नांगहून रात्रीची गाडी पकडायची आणि सकाळी थाप चाम स्टेशनवर उतरायचं. जवळच टेकडीवर पो क्लोंग गराईचे बुरूज आहेत. गाभाऱ्यात मुखलिंग आहे आणि त्याची पूजा आजही चाम पुजारी करतात. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात काते हा सण येतो. आमची सुट्टी आणि तो जुळला तर भाग्यच. सणाला देवाची वस्त्रं डोंगरातले राग्लाई लोक घेऊन येतात, कारण ती त्यांच्याकडे जपून ठेवलेली असतात, आणि मग मिरवणूक. तुम्हाला पालखी आठवेल, मलाही आठवेल, त्याला इलाज नाही. याच भागात बानी चाम राहतात, ज्यांनी इस्लामला आपल्या पद्धतीने वळवून घेतलंय. चाम घरात वंश आईकडून चालतो, वारसा मुलींकडे जातो आणि लग्न झाल्यावर नवरा नांदायला बायकोच्या घरी जातो. ‘आपली संस्कृती तिथे पोचली’ म्हणणाऱ्या काकांना हे मी आवर्जून सांगते.

बाउ त्रुक नावाच्या गावात बायका चाकाशिवाय मडकी घडवतात. मातीचा गोळा उंचवट्यावर स्थिर असतो आणि कुंभारीण त्याच्याभोवती वाकून गोल गोल फिरते, हात मडक्यावर आणि पाय उलटे पडत जाणारे. भट्टी नाहीच; उघड्यावर गवत-लाकूड रचून भाजतात. 2022 साली युनेस्कोने ही कला तातडीने जपण्याच्या यादीत घातली. मुलांना तिथे अर्धा दिवस बसवावं, हात मातीत घालू द्यावेत, आणि फोन बसमध्ये ठेवावेत.

पुढच्या महिन्यात शाळेत पालकसभा आहे आणि हालाँग की फान रांग याचा निर्णय तिथे व्हायचा आहे. हालाँगचे फोटो देखणे येतात, त्यामुळे ती बाजू जड आहे. दहावीत मूल असलेल्या मंडळातल्या कुटुंबांनी सभेला यावं, माझ्याशी वाद घालायचा असेल तरी यावं. रायगडाच्या मातीचं कात्रण कुणाला सापडलंच, तर तेही घेऊन या.