आयकाचं कोनाचं?

भाऊबीज आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, धान कापणीला आलेलं असतं, आणि चौकाचौकात लागलेल्या फलकांवर एक ओळ हमखास दिसते: दुय्यम खडी गंमत. शाहिरांच्या दोन पार्ट्या समोरासमोर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा, रात्र उलटेपर्यंत. २०२५ साली याच दिवसांत आणखी एक फड उभा राहत होता. सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत उरकायला सांगितलं होतं. संध्याकाळी टीव्ही लावला की पडद्यावरच्या चर्चेच्या चौकटी पुन्हा वाढू लागल्याचं दिसतंच होतं.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार होते. मोठे पक्ष सहा, त्यांतले चार दोन पक्षांच्या फुटीतून निघालेले. सहांचे सहा प्रवक्ते, एखादा विश्लेषक, एखादे ज्येष्ठ पत्रकार आणि या सगळ्यांवर ओरडणारा अँकर, एवढा संसार त्या पडद्यावर मांडला जात होता. आम्ही त्या दिवसांत पडद्याकडे कमी आणि पडद्यासमोरच्या माणसांकडे जास्त पाहिलं. लाखनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात चहा पिता पिता एक म्हातारबा वैतागून म्हणाले, "सप्पाच एकदम बोलून रायले जी, आयकाचं कोनाचं?" शेजारच्या टेबलावरचा पोरगा मात्र खूश होता. "काही असो, आपल्यावाल्यानं धुतलं त्याले." काय म्हणून धुतलं, हे त्यालाही सांगता आलं नाही, कारण ऐकू त्यालाही आलं नव्हतं. हात कोणाचा वर गेला, गप्प कोण झालं, एवढ्यावरून त्याने निकाल लावला होता.

घराघरांतल्या प्रतिक्रिया याहून गमतीच्या. ज्याला बोलूच देत नाहीत त्याच्याविषयी बायकांना कणव वाटते. "त्या कोपऱ्यातल्या बिचाऱ्याले पाच मिनिटं तरी बोलू द्या ना," असं म्हणणाऱ्या बाईला त्याचा पक्ष कोणता हे ठाऊक नसतं. काहीजण आवाज बंद करून चर्चा पाहतात आणि पूर्वीपेक्षा जास्त कळतं असं शपथेवर सांगतात. आम्ही हा प्रयोग केला. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर लागतो. रात्रीच्या तासभराच्या चर्चेतला वीस सेकंदांचा तुकडा तोवर मोबाइलवर फिरलेला असतो. ज्यांनी पूर्ण चर्चा पाहिली त्यांनाही मग तेवढाच तुकडा आठवतो, आणि तो आपल्याला आधीपासून पटलेला होता असं ते बोलायला लागतात.

ही खोड भंडाऱ्याची किंवा अडाण्यांची नव्हे. ब्रिटनमध्ये २०१० साली नेत्यांच्या वादसभांच्या वेळी पडद्याखाली एक रेष धावत असे. निवडक प्रेक्षकांना काय आवडलं, काय नाही, त्याप्रमाणे ती वर-खाली होई. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी सुमारे दीडशे लोकांना असा वाद थेट दाखवला, पण रेष मुद्दाम खोटी लावली: एका गटाला गॉर्डन ब्राऊन यांच्या बाजूने झुकलेली, दुसऱ्याला निक क्लेग यांच्या. वाद एकच, तरी कोण जिंकलं याचं उत्तर रेषेप्रमाणे बदललं. शिकलीसवरलेली माणसं होती ती. पानठेल्यावरच्या मोबाइलचं काम तिथे त्या रेषेने केलं, इतकंच.

गर्दी वाढली की काय होतं, हे पाहायचं तर अमेरिकेकडे जावं लागतं. तिथे पक्षाचा उमेदवारही लोकांच्या मतांनी ठरतो, आणि त्या आधी इच्छुकांना एका मंचावर उभं केलं जातं. ६ ऑगस्ट २०१५ रोजी क्लीव्हलँड शहरात रिपब्लिकन पक्षाचे १७ इच्छुक होते. मंचावर मावेनात, म्हणून जनमत चाचण्यांत पुढे असलेले दहा रात्रीच्या मुख्य वादाला ठेवले आणि उरलेल्या सातांना संध्याकाळीच उरकून घेतलं. रात्रीचा वाद सुमारे २ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दोन तासांच्या त्या कार्यक्रमात सर्वांत जास्त वेळ मिळाला तो डोनाल्ड ट्रम्प यांना, तोही दहा-अकरा मिनिटांचा. रँड पॉल यांच्या वाट्याला जेमतेम पाच आली. पाच मिनिटांत आरोग्यविमा समजावायचा की लक्षात राहील असं एक वाक्य फेकायचं? शहाणा माणूस दुसरं करणार.

आपल्याकडे मंचच नाही. काँग्रेसने २०१४ साली उमेदवार कार्यकर्त्यांच्या मतदानातून निवडण्याचा प्रयोग मोजक्या मतदारसंघांत केला. त्यांत आपल्या विदर्भातलं वर्धाही होतं. सागर मेघे आणि चारुलता टोकस अशी लढत झाली, मेघे निवडले गेले आणि लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले. मत देणारे पक्षाचे पदाधिकारी. सामान्य मतदाराने निकाल पेपरात वाचला. प्रयोग तिथेच थांबला, आणि तो थांबल्याचं दुःख झालेला माणूस आम्हाला तरी भेटलेला नाही. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी दोन निवृत्त न्यायमूर्ती आणि पत्रकार एन. राम यांनी पंतप्रधान मोदी आणि राहुल गांधी यांना समोरासमोर बोलायचं निमंत्रण दिलं. राहुल गांधींनी होकार दिला, वाद झाला नाही.

मंच नसल्यामुळे आपल्या वतीने बोलतात ते प्रवक्ते. त्याचा अर्थ भंडाऱ्याला मे २०१८ मध्ये नीट कळला. भाजपचे इथले खासदार नाना पटोले यांनी शेतकऱ्यांचे प्रश्न पुढे करून खासदारकी सोडली होती. आदल्या खरिपात तुडतुडा किडीने हजारो शेतकऱ्यांचं धान फस्त केलं होतं. २८ मेला पोटनिवडणुकीचं मतदान झालं, उन्हाच्या कहरात व्हीव्हीपॅट यंत्रं बिघडली, ४९ केंद्रांवर ३० तारखेला फेरमतदान घ्यावं लागलं. दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांवर भंडारा-गोंदियाचं नाव तेव्हा जितकं घेतलं गेलं, तितकं त्याआधी किंवा नंतर क्वचितच. यंत्रांवर रात्र रात्र भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. तुडतुड्याचं नाव मात्र त्या चौकटींतून आमच्या कानावर आलं नाही. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे सुमारे ४८ हजार मतांनी निवडून आले आणि वाहिन्या दुसऱ्या गावी गेल्या.

याउलट खडी गंमत. तिचा प्रेक्षक काही संत नव्हे. नाच्यावर शिट्ट्या मारतो, चावट विनोदाला बक्षीस देतो. पण एक गोष्ट तो सोडत नाही. समोरच्याने टाकलेला सवाल शाहिराने टाळला आणि भलतंच गाणं लावलं, तर मागच्या रांगेतून आवाज येतो: जवाब कुठं हाय? शाहीर तुरा पक्षाचा असो की कलगी पक्षाचा, समोरचा गात असेल तोवर थांबावं लागतं. दोघं एकदम गायले तर फड मोडला असं समजतात. हेच लोक टीव्हीसमोर बसले की त्यांना जवाबाची आठवण राहत नाही. कारण तिथे मागची रांगच नाही.

ऐकण्याची शिस्त आली म्हणजे निवड चांगलीच होते, असा आमचा दावा नाही. टीव्हीचं नावही नव्हतं त्या १९५४ साली, सभांमधून उमेदवाराला समोर पाहून-ऐकून मत देणाऱ्या याच भंडाऱ्याने पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सुमारे आठ हजार मतांनी पाडलं आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांना निवडलं. ते ओझं जिल्ह्यावर आहे, आणि त्याला चौकटी जबाबदार नव्हत्या. पण २०२४ च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या साकोलीत नाना पटोले फक्त २०८ मतांनी निवडून आले. इतक्या मतांचा फैसला एखाद्या वीस सेकंदांच्या तुकड्यावर होऊ शकतो, ही भीती कोणत्याही पक्षाच्या माणसाला वाटायला हवी.

म्हणून मंडई भरवणाऱ्या मंडळांना एक सुचवावंसं वाटतं. नगरपरिषदेला उभे राहू पाहणाऱ्यांना फडाआधी अर्धा तास द्या. आचारसंहिता लागली असेल तर परवानगी काढा. प्रश्न सगळ्यांना एकच: नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून वैनगंगेत येतं, त्याच वैनगंगेचं पाणी भंडारा शहराच्या नळाला येतं; तुम्ही निवडून आलात तर पहिल्या वर्षात काय कराल? प्रत्येकाला तीन मिनिटं, एका वेळी एकच माणूस, मध्ये कोणी तोंड घातलं तर डफ वाजेल. पक्षाच्या प्रवक्त्याला मंचावर घेऊ नका, उमेदवार स्वतः आला तरच. आणि मोबाइलवर चित्रण करायचं तर तीनही मिनिटांचं करा, मधलं कापू नका.