‘पित्त झालं असेल’

बाईला उलटी झाली की घरात दोनच निदानं तयार असतात. लग्न नवं असेल तर ‘गोड बातमी’, जुनं असेल तर ‘पित्त’. नेमकं काय होतंय, हे तिला विचारायची गरज सहसा कुणाला वाटत नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या पेठ गावी आमच्या बैठकीत एका मैत्रिणीने स्वतःची हकीकत सांगितली. पावसाळ्याचे दिवस. मुलांना घेऊन ती जमिनीवर गोधडी टाकून झोपलेली. पहाटे पोटात कळ येऊन उठली, दोनदा ओकली. सासूबाई गालात हसल्या. सकाळी एका दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन तिला घरी पाठवलं. थोड्याच वेळात पापण्या आपोआप मिटू लागल्या, घोट गिळेना, जीभ जड झाली. तेव्हा कुठे मोठ्या दवाखान्यात नेलं. रात्री झोपेत मण्यार चावली होती. चार दिवस कृत्रिम श्वासावर काढून ती वाचली. म्हणाली, “ताई, रात्री कुठं झोपली होतीस, एवढंच कुणी विचारायला हवं होतं.”

मण्यारीचे दात बारीक. चावल्याची खूण बहुधा सापडत नाही, सूजही येत नाही. पोटदुखी आणि उलटी हीच अनेकदा पहिली लक्षणं असतात. मग पापण्या पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. आपल्याच भागात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशावर उपचार आणि लोकजागृती करत आहेत. तिकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांजवळ बसून पाहिलं, की उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय म्हणजे विषाने हृदयाला गाठल्याची सूचना. हे ज्ञान रोग्याकडे नीट पाहण्यातून मिळालं.

उलटी हे लक्षण आहे; आजार तिच्या मागे असतो. तो शोधायचा तर प्रश्न विचारावे लागतात. पाळी कधी आली होती? पाळी चुकलेली असून ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. लघवी गडद पिवळी होते का? गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ‘ई’ प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. छातीत जड वाटून घाम येतोय का? हृदयविकाराचा झटका बाईलाही येतो. काल फवारणी होती का? सातगाव पठारावर बटाट्याच्या दिवसांत औषध कालवायला पाणी कोण आणतं, फवारणीचे कपडे कोण धुतं, हे आपल्याला ठाऊक आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथेही उलट्या होत्याच.

आणि एक प्रश्न नवऱ्याला, सासूला बाहेर पाठवूनच विचारायचा: डोक्याला मार लागलाय का? काही प्यायलीस का, कुणी पाजलं का? चारचौघांत बाई ‘पाय घसरून पडले’ असंच सांगते. मेंदूला मार लागल्यावर होणारी उलटीही मग ‘पित्त’ ठरते.

डॉक्टर बंधुभगिनींना आमची विनंती आहे, की तपासताना सोबतच्या माणसाचं ऐका, पण आधी तिचं ऐका. आणि मैत्रिणींनो, शेजारणीबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा हे प्रश्न आपणच काढूया. पहाटेची पोटदुखी-उलटी, जड पापण्या, थांबेनाशी उलटी, उलटीत रक्त, बेशुद्धी यांपैकी काहीही दिसलं तर लिंबूपाण्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा.

तुमच्या गावातही अशी एखादी ‘पित्ताची’ हकीकत असेल. आम्हाला लिहून कळवा. नाव छापणार नाही.