परसबाग : आधी माती, मग मेथी

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की भाजीवालीच्या पाटीत मेथीच्या जुड्या दिसू लागतात. याच सुमारास गृहनिर्माण संस्थांच्या सभांत कुणीतरी सुचवते, "मागच्या मोकळ्या जागेत सर्वांनी मिळून भाजी लावू या." सूचना नामी! पण मंडळी धावतात ती बियाण्याच्या दुकानाकडे. वाचकहो, नमुन्याच्या बागेने शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रथम दाखवायची असते ती माती. भाजी तिच्या मागून येते.

ही विद्या आपल्याला परकी नाही. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरात संशोधन करीत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओलावा राखायचा, अधूनमधून ढीग उलथायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार! यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली हे पुस्तकरूपाने मांडले आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पुढे २००२ च्या सुमारास मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथलाच ओला कचरा कुजवून भाज्या व फळझाडे वाढवण्यात आली. गच्चीवर जे साधले, ते आपल्या अंगणात का साधू नये?

अशा बागा बुडतात त्या बहुधा वासामुळे. उत्साहाने साली आणून टाकल्या जातात, ढीग चिकचिकतो, चिलटे होतात, सभेत तक्रार येते आणि बागेला कुलूप लागते. उपाय सोपा आहे. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या कोरडा पाला पसरावा. ढीग पिळलेल्या फडक्याइतकाच ओला असावा. तेलकट, शिजवलेले अन्न त्यात टाकू नये. आणि झाडलोटीचा पाला जाळणे आजच बंद करावे. बागेचे ते भांडवल आहे.

खत झाले की शेजारीशेजारी दोन वाफे करा. एकात खत घाला, दुसऱ्यात नको. दोहोंत एकाच दिवशी मेथी पेरा, पेरणीची तारीख पाटीवर लिहा. महिनाभरात काढणीला येईल, तेव्हा व्याख्यानाची गरज उरणार नाही. कोथिंबिरीसाठी धणे रगडून दोन फाकी करावेत. टोमॅटोला सहा तास तरी ऊन हवे. सावलीत पालेभाजीच बरी. मावा पडला तर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारावा, पण किडका वाफा पाहुण्यांपासून लपवू नये. सगळेच हिरवेगार दाखवले, तर घरी पहिली कीड पडताच शेजारी हताश होईल.

राहता राहिला वाटणीचा प्रश्न. पहिली जुडी कुणाची? वर्गणी देणाऱ्याची, की अध्यक्षांची? आमच्या मते, जो साली आणतो आणि जो ढीग उलथतो त्याची. मग तो तिसऱ्या मजल्यावरचा बिऱ्हाडकरू असो, घरकामाच्या बाई असोत वा झाडूवाले काका. ज्यांच्या हातांनी माती झाली, त्यांच्या घरी मेथी आधी शिजावी. एवढा नियम सभेत मंजूर करून घ्या. बियाणे नंतर आणले तरी चालेल.