माजघरातील विचार : म्हातारी ठमी आणि तिचे डोळे

मांजर मारले तर काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, असा धाक आपल्या घरांतून लहानपणीच घातलेला असतो. परंतु मांजर आजारी पडल्यास काय करावे, याविषयी आजीपणजींच्या शहाणपणाचे गाठोडे सोडून पाहावे तर ते जवळजवळ रिकामेच निघते. यात नवल नाही. पूर्वी घरचे मांजर क्वचितच म्हातारे होई. झालेच तर एके दिवशी ते दिसेनासे होई, आणि “मांजर मरावयास घर सोडते” एवढे बोलून मंडळी आपापल्या उद्योगास लागत. आता घरात राहून, वेळेवर खाऊन कित्येक मांजरे चौदा-पंधरा वर्षे जगतात, आणि मांजराचे म्हातारपण हा आपल्या संसारात एक नवाच विषय होऊन बसला आहे. गेल्या वैशाखात तो आमच्या शिरूरच्या घरी अगदी अवचित येऊन उभा राहिला. त्या वेळी आमच्या हातून काय चुकले आणि काय थोडक्यात चुकता चुकता राहिले, ते वाचकांस सांगावेसे वाटते.

ठमी ही मुळात आमच्या आत्यांची. तिचा जन्म दौंडचा. आत्यांचे यजमान रेल्वेत होते. त्यांच्या मागे आत्या दौंडासच एकट्या राहत, आणि स्टेशनाजवळच्या त्या घरात ही मांजरी लहानाची मोठी झाली. इंजिनाची शिट्टी झाली तरी तिची झोप मोडत नसे. मालधक्क्यावरच्या उंदरांवर तिचा हक्क जणू सरकारमान्य होता. दोन वर्षांपूर्वी आत्यांना घेरी येऊ लागली, तेव्हा त्यांना एकटे ठेवू नये असे सर्वांनी ठरविले. पाटस, चौफुला, न्हावरे या वाटेने एका टेंपोतून त्यांच्या दोन ट्रंका, देव आणि झाकणाच्या करंडीत ओरडत असलेली ठमी अशी सर्व मिळकत शिरुरास आली. ठमी तेव्हा बारा वर्षांची होती. मोठ्या घरात ती चटकन रुळली. आत्यांपेक्षाही लवकर, असे म्हटले तरी चालेल.

त्या सकाळी आत्या पूजेस बसल्या होत्या. ठमी नेहमीप्रमाणे माजघरातून येत असता उंबऱ्यास अडखळली. पुढे भिंतीशी उभ्या ठेवलेल्या पाटावर तिचे डोके आपटले. मग ती मध्येच उभी राहिली आणि तिने असा एक स्वर काढला की, तो आमच्यापैकी कोणीही पूर्वी ऐकला नव्हता. अंगणात लख्ख ऊन होते. तिला उचलून उन्हात आणले, तरी तिच्या डोळ्यांतील बाहुल्या बारीक रेघेसारख्या न होता मोठ्या काळ्या बटणांसारख्या तशाच राहिल्या. आत्या पूजा अर्धी टाकून उठल्या. आमच्या स्मरणात असे प्रथमच घडले.

एकत्र कुटुंबात रोग्यास वैद्य मिळण्यापूर्वी मते मिळतात. आमच्या आईने दृष्ट लागल्याचे सांगितले. वहिनींना विंचवाचा संशय आला. काकांनी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता, “म्हातारपण आहे; आता तिला उगीच छळू नका,” असा निकाल दिला. पुतण्या मात्र कर्ता मुलगा. अंग गरम लागते म्हणून त्याने घरातील तापाची पॅरासिटामॉलची गोळी काढली, वाटीत चुरली आणि दूध आणावयास निघाला. तेवढ्यात कोणास ठाऊक कशी बुद्धी झाली आणि त्याने आधी गावातील पशुवैद्यास फोन केला. पलीकडून जे शब्द आले ते आमच्यापर्यंत ऐकू आले. ती वाटी प्रथम फेकून द्या, असे ते होते.

येथे क्षणभर थांबणे अवश्य आहे. माणसाचे यकृत जी औषधे सहज पचवून बाहेर टाकते, त्यांतील कित्येक पचविण्याचे साधन मांजराच्या यकृतात फारच अपुरे असते. पॅरासिटामॉल हे त्यांतील पहिले. ५०० मिलिग्रॅमची एक साधी गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. रक्तातील तांबडा पदार्थ प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होतो, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड व पाय सुजतात. कुत्र्यांच्या गोचिडांवरील परमेथ्रिनयुक्त औषधांचीही हीच कथा. कुत्र्यास लावले ते मांजरासही लावले तर मांजरास झटके येतात. ज्या घरात म्हातारी माणसे आहेत त्या घरात औषधांचा डबा भरलेला असावयाचाच. मांजर आजारी असेल त्या दिवशी त्या डब्यास कुलूप घालावे, इतके आमचे मत आता कडक झाले आहे.

डॉक्टरांनी फोनवरच एक परीक्षा करावयास सांगितली. डोळ्यांपुढे हात हलवू नका, कारण हाताचा वारा मिशांना कळतो. त्याऐवजी कापसाचा बोळा तिच्यासमोर उंचावरून सोडा. आत्यांच्या वातींचा कापूस जवळच होता. त्यांनी स्वतः बोळा केला आणि सोडला. तो आवाज न करता जमिनीवर पडला. ठमी समोर पाहतच राहिली. आत्यांनी तो पुन्हा उचलून सोडला, आणि मग तो हातात धरून तशाच बसल्या.

तालुक्याच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्याची घडण गाईम्हशी व शेळ्यामेंढ्या यांसाठी झालेली असते, आणि शिरूरसारख्या दूधदुभत्याच्या तालुक्यात तसे असणे योग्यच आहे. आमच्या डॉक्टरांनी ठमीस तपासले, पोटावरून हात फिरवून मूत्रपिंडे लहान लागतात असे सांगितले, आणि पुढे स्पष्ट म्हणाले, “मांजराचा रक्तदाब मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही. आजच पुण्यास न्या. उद्यावर टाकू नका.” काहीतरी टोचून समाधान करून पाठविणे त्यांस सोपे होते. ते त्यांनी केले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

घरी आल्यावर प्रश्न निघाला तो खर्चाचा. धाकटे बंधू म्हणाले, “मांजरासाठी मोटार करून पुण्यास जावयाचे?” हा प्रश्न निष्ठुरपणाचा होता असे कोणी समजू नये, त्या महिन्यात मुलांच्या शाळेच्या फिया भरावयाच्या होत्या, आणि घर चालविणाऱ्याने असले प्रश्न विचारलेच पाहिजेत. आत्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी आपल्या पेन्शनच्या पाकिटातील नोटा आणल्या व देव्हाऱ्यापुढे ठेवल्या. बंधूंनी त्या पाहिल्या, उचलून परत त्यांच्या हातात दिल्या, आणि चपला घालून मोटार सांगावयास गेले.

शिरूर ते पुणे हा रस्ता ६५ ते ७० किलोमीटरांचा. परंतु शिक्रापूर, वाघोली येथील गर्दीमुळे किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. करंडीवर जुने गडद लुगडे टाकले होते; अंधारात मांजर शांत राहते. रांजणगावास आत्यांनी मोटारीतूनच गणपतीस हात जोडले. करंडीतून आवाज येत नव्हता, आणि त्या शांततेचे आम्हांस अधिक भय वाटत होते.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी ठमीस आल्याबरोबर हात लावला नाही. घाबरलेल्या मांजराचा रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो, म्हणून तिला पंधरा मिनिटे एका शांत खोलीत आत्यांच्या मांडीवर बसू दिले. मग बोटभर रुंदीची पट्टी तिच्या पुढच्या पायास गुंडाळून, रोहिणीतील रक्ताचा आवाज ऐकविणाऱ्या एका लहानशा यंत्राने मोजणी केली. ती एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. आकडा प्रत्येक वेळी २०० च्या वरच आला. मांजरांत १६० च्या पुढे तो काळजीचा आणि १८० च्या पुढे डोळे, मेंदू, हृदय यांस उघड धोक्याचा समजतात. डोळ्यात दिवा धरून पाहता मागचा पडदा आपल्या जागेवरून सुटलेला दिसला. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडे बरीच निकामी झाल्याचे निघाले. म्हणजे डोळे हा रोग नव्हताच. मूत्रपिंडांच्या जुन्या विकाराबरोबर रक्तदाब वाढत गेला होता, आणि डोळे हे त्याचे घरास कळलेले पहिले लक्षण होते. म्हाताऱ्या मांजरांत हा प्रकार पुष्कळ आढळतो. कधी त्याच्या मुळाशी गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक असतो.

त्यानंतर बाईंनी एक साधा प्रश्न विचारला : “ही पाणी जास्त केव्हापासून पिते?” आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मग हळूहळू एकेकास आठवू लागले. पुतणीने तिला तुळशीच्या आळ्यातले पाणी पिताना पाहिले होते. तिला ती गंमत वाटली. वहिनींना मांजरीच्या मातीचे तसराळे पौषापासून दुप्पट ओले लागत होते. पण थंडीचे दिवस म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही. पुढे चैत्रात ती न्हाणीघरातील बादलीशी वारंवार दिसू लागली, तेव्हा आम्हीच उन्हाळ्यावर बोट ठेवले. आत्या खाली मान घालून म्हणाल्या, “कुरवाळताना कणा हाताला लागतो, हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं.” बारा माणसांच्या घरात दुखण्याचा एकेक तुकडा एकेकाजवळ होता आणि सबंध दुखणे कोणापाशीच नव्हते. मूत्रपिंडांचा सुमारे दोनतृतीयांश भाग निकामी झाला की मांजर पाणी जास्त पिऊ लागते. रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागते ते त्याहूनही उशिरा. घरच्यांच्या डोळ्यांस जे आधी दिसू शकते ते प्रयोगशाळेस पुष्कळदा मागाहून दिसते. मात्र ते कोणीतरी एकाने सांगावयास हवे आणि दुसऱ्याने ऐकून घ्यावयास हवे.

औषध लिहून दिले ते पाहून आम्ही चकित झालो. ॲम्लोडिपिन! आमच्या आत्या रोज सकाळी हीच गोळी घेतात. ठमीस तिचा लहानसा अंश द्यावयाचा. एक गोळी विष आणि दुसरी तारक, हे ओळखण्याची खूण गोळीवर लिहिलेली नसते. ती शिकलेल्या माणसाच्या डोक्यात असते.

दुसरा प्रश्न खाण्याचा निघाला, आणि तो आमच्यासारख्या घरांस अवघड आहे. आमच्याकडे मांजरीस दूधभात, तूपपोळी. मोठ्या झालेल्या कित्येक मांजरांस दूध पचत नाही, हे तर बाजूसच राहो. परंतु टॉरिन नावाचा जो पदार्थ मांजरास अन्नातूनच मिळावा लागतो, तो धान्याभाज्यांत नसतो. त्याच्या अभावी दृष्टी अधू होते, आणि १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी दाखवून दिले की, हृदयही कमकुवत होऊन पसरते. दौंडास मालधक्क्याच्या उंदरांनी ती उणीव भरून निघत असावी. शिरुरास म्हातारपणी शिकार सुटली आणि आमच्या तूपपोळीने ती भरणे शक्य नव्हते. मूत्रपिंडांच्या रोग्यांसाठी तयार मिळणारे अन्न डॉक्टरीणबाईंनी सांगितले. ते मांसाचे. आईने दोन दिवस विचार केला आणि ताटली मागच्या पडवीत राहील, भांडे वेगळे घासले जाईल, एवढ्या अटींवर संमती दिली. प्राणी घरात ठेवावयाचा तर त्याचा धर्म त्यास पाळू द्यावा, असे ती म्हणाली. आमच्याकडून याहून बरे उत्तर निघाले नसते.

आणखी काही लक्षणे डॉक्टरीणबाईंनी आम्हांस बजावून सांगितली, तीही येथे नमूद करतो. बोका पुनःपुन्हा लघवीस बसतो आणि थेंबही होत नाही, तर रात्रही जाऊ देऊ नये. मागचे पाय एकाएकी लुळे व थंड पडून मांजर किंचाळू लागले, किंवा तोंड उघडून धापा टाकू लागले, तर त्याच पावली निघावे. दोन दिवस अन्नास शिवले नाही तर लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून नवाच रोग जडतो. “उपास पडला, बरेच झाले” हा विचार मांजरास लागू नाही. शांत झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटात ३० च्या आत असावेत. हे मोजणे शाळेतल्या मुलांकडे सोपवावे, त्यांस ते काम फार आवडते. पुणे जवळ नसेल त्यांनी मुंबईतील परळचे १८८६ साली निघालेले आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळचे १९८८ सालचे अशी दोन पशुवैद्यकीय महाविद्यालये ध्यानात ठेवावी.

ठमीचे डोळे पुरते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात डाव्या डोळ्याची बाहुली उन्हात थोडी लहान होऊ लागली, आणि सावली हलली की ती मान वळवू लागली. उजव्याची आशा ठेवू नये असे बाईंनी सांगितले. आम्ही घरातील एकही पाट, पिंप वा पेटी जागची हलवीत नाही. ती मिशांनी आणि वासाने सबंध घर फिरते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिचे वजन दर पंधरवड्यास मांडले जाते, आणि ज्यास जे दिसले ते त्याने त्याच चौकोनात लिहावयाचे असा नियम आहे. काकांचे अक्षर तेथे सर्वांत अधिक दिसते.

सकाळी आठ वाजता आत्या दोन्ही गोळ्या काढतात, आधी तिची, मग आपली. पूर्वी त्यांची गोळी आठवड्यातून दोनदा तरी राहून जाई, हे आम्हांस आता कळले. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. करंडीचे झाकण सैल झाले आहे. तेवढे बुरुडाकडून बसवून घ्यावयाचे राहिले आहे.