दारी आलेला आवाज

‘बिनाका गीतमाला’चे मरहूम अमीन सयानी यांच्या मनात एक खंत राहिली होती. १९५२पासून रेडिओ सिलोनवरून त्यांचा आवाज घराघरांत पोहोचला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक किडकिडीत तरुण त्यांच्याकडे आवाजाची चाचणी द्यायला आला. आधी वेळ ठरवली नव्हती, म्हणून न ऐकताच त्याला परत पाठवले गेले. तो अमिताभ बच्चन होता! झाले ते दोघांच्या भल्याचेच झाले, असेही सयानी पुढे म्हणाले.

आम्हा शिक्षकांकडूनही असे घडते. रोह्याहून गाडीने पेणला शिकायला येणारा एक मुलगा मधल्या सुट्टीत म्हणाला, “सर, नात ऐकवू?” आम्ही वह्या तपासत होतो. “उद्या ये,” म्हणालो. त्याने पुन्हा कधी विचारले नाही.

दृष्टिहीन सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांच्या निमित्ताने उतरलेली सूरह अबसा हेच शिकवते: ओढीने दारी आलेल्याकडे पाठ फिरवू नये.

अमिताभना दुसरे दार उघडले. प्रत्येक मुलाला ते उघडेलच असे नाही. आज घरात कुणी “अब्बा, ऐका ना” म्हटले, तर मोबाईल बाजूला ठेवू या. दोनच मिनिटे लागतात.